अल्क धातूंच्या काचकुप्यांचा संच: धातू देखणे, पुस्तिका अपुरी

आवर्तसारणीच्या पहिल्या गणातील लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम आणि सीझिअम हे पाच धातू, प्रत्येकी एक ग्रॅम, अरगॉन वायूने भरलेल्या सीलबंद काचकुप्यांमध्ये ठेवून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या चौकटीत ओळीने बसवलेला हा संच मुख्यतः रसायनशास्त्राचे वर्ग आणि मूलद्रव्यांचे हौशी संग्राहक यांच्यासाठी तयार केलेला आहे. सोबत एक छोटी पुस्तिका, ज्योतीच्या रंगांचा तक्ता आणि पाण्याबरोबरच्या अभिक्रियांच्या चित्रफिती मिळतात. एकाच कुटुंबातले धातू एकसारखे का वागतात हे या संचातून समजेल, असे आश्वासन वेष्टनावर ठळक अक्षरांत दिलेले आहे. संचाचे मोल ठरवताना मी हेच आश्वासन कसोटी म्हणून धरले आहे, कारण नुसता देखणा धातू पाहायचा असेल तर पाच कुप्यांची गरज नाही, एकटे सीझिअम पुरते.

धातूंच्या बाबतीत निर्मात्याने हात आखडता घेतलेला नाही. केरोसीनच्या बाटलीतून चिमट्याने काढलेला, करड्या सालीने झाकलेला सोडिअमचा तुकडा बहुतेकांनी प्रयोगशाळेत पाहिलेला असतो. सुरीने तो कापला की आतली रुपेरी झळाळी दिसते आणि पाहता पाहता मावळते. येथे सोडिअम आणि पोटॅशिअम वितळवून कुपीत ओतलेले असल्याने ती झळाळी काचेलगत टिकून राहिली आहे, आणि दोन्ही कुप्या शेजारी धरल्या तर चिठ्ठी वाचल्याशिवाय कोणती कोणाची हे सांगणे कठीण जाते. रुबिडिअमही तसेच रुपेरी आहे. सीझिअम मात्र फिकट सोनेरी आहे आणि त्याचा द्रवणांक अवघा २८.५ अंश सेल्सिअस असल्यामुळे कुपी मुठीत धरून ठेवली की धातूच्या कडा आधी ओलसर दिसू लागतात, मग सगळा गोळा सैल होऊन काचेवरून ओघळू लागतो, आणि पुन्हा थंड होताना त्यात फांद्याफांद्यांचे स्फटिक वाढत जाताना दिसतात. संपूर्ण संचातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, आणि ती दाखवता यावी म्हणून कुप्या चौकटीतून सुट्या काढण्याची सोय ठेवली, हे निर्मात्याचे शहाणपण.

लिथिअमची कुपी त्या मानाने निराश करते. इतर चार धातू ओतलेले असताना लिथिअमचा तुकडा कांडीच्या रूपात सुटाच टाकलेला आहे आणि कुपी हलवली की तो खडखडतो. यात निर्मात्याचा दोष नाही, कारण वितळलेले लिथिअम काचेशीच अभिक्रिया करते आणि म्हणून ते काचेत ओतता येत नाही. तुकड्यावरचे काळपट डाग मात्र टाळता आले असते. लिथिअमचा सामान्य तापमानालाही नायट्रोजनशी संयोग होऊन लिथिअम नायट्राइड तयार होते, आणि हा गुण या गणातील इतर धातूंमध्ये नाही. कुपी बंद करताना आत थोडी हवा राहून गेली की तिच्या खुणा अशा उमटतात. शुद्धतेचा दावा करणाऱ्या उत्पादनात हे डाग खटकतात. शिकवणाऱ्याला मात्र त्यांचा उपयोग होतो, कारण गणातले साम्य संपूर्ण नसते आणि लिथिअम पुष्कळ बाबतींत शेजारच्या गणातल्या मॅग्नेशिअमच्या वळणावर जाते, हे सांगायला हातात काहीतरी असते.

कुप्यांच्या आकारावरून एक गैरसमज होण्याचा धोका आहे आणि पुस्तिकेने त्याची दखल घेतलेली नाही. प्रत्येक धातू एक ग्रॅम असल्याने लिथिअमचा तुकडा जवळजवळ १.९ घनसेंटिमीटरचा आहे, तर सीझिअम अर्ध्या घनसेंटिमीटरच्या आसपास भरते. मधल्या मधे पोटॅशिअमची घनता सोडिअमपेक्षा थोडी कमी असल्यामुळे तेथे क्रम उलटतो, ही बारीक गंमत नजरेला दिसते हे चांगलेच आहे. परंतु रसायनशास्त्र ग्रॅमवर चालत नाही, अणूंच्या संख्येवर चालते. एक ग्रॅम लिथिअममध्ये एक ग्रॅम सीझिअमच्या सुमारे एकोणीस पट अणू असतात. कुप्या समान वजनाऐवजी समान मोलच्या, म्हणजे समान अणुसंख्येच्या, हिशेबाने भरल्या असत्या तर गणात वर गेल्यावर अणू किती लहान आणि खाली आल्यावर किती मोठा होतो, हे विद्यार्थ्याला नुसत्या डोळ्यांनी कळले असते. पुढे चित्रफितींकडे वळताना हा मुद्दा पुन्हा आड येतो.

आता पुस्तिका. छपाई सुबक आहे, आणि इतिहासाचे पान तर मनापासून आवडावे असे आहे: हंफ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशचे आणि कॉस्टिक सोड्याचे विद्युत अपघटन करून पोटॅशिअम आणि सोडिअम वेगळे काढले, १८१७ मध्ये लिथिअमचा शोध लागला, आणि बुन्सेन व किर्खहोफ यांनी १८६० मध्ये सीझिअम व १८६१ मध्ये रुबिडिअम केवळ वर्णपटातील अनोळखी रेषांवरून ओळखले, हे सारे नेमक्या शब्दांत आले आहे. डोबेरायनरच्या त्रिकाचा, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तीन मूलद्रव्यांच्या गटाचा, उल्लेख करून लिथिअमच्या ७ आणि पोटॅशिअमच्या ३९ या अणुवस्तुमानांकांची सरासरी सोडिअमच्या २३ शी कशी जुळते हेही दाखवले आहे. साम्य आधी लक्षात आले आणि त्याचे कारण शंभर वर्षांनी सापडले, हा क्रम त्यामुळे वाचकाच्या ध्यानात येतो.

मुख्य प्रश्नाच्या पानावर मात्र पुस्तिका घाई करते. या सर्व धातूंच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, तो ते सहज आणि आनंदाने देऊन टाकतात, म्हणून सर्व एकसारखे वागतात, एवढ्या एका वाक्यात तिने विषय संपवला आहे. हे वाक्य खोटे नाही, पण उत्तर म्हणून ते पुरत नाही, आणि याची परीक्षा घ्यायला तांब्याच्या तारेचा एक तुकडा पुरेसा आहे. तांब्याच्या अणूतही बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, तोही पोटॅशिअमप्रमाणे चौथ्या कवचातल्या एस उपकवचात. चांदी आणि सोने यांचीही तीच स्थिती आहे. तरीही तांब्याची तार वर्षानुवर्षे उघड्या हवेत राहते आणि पाण्यात टाकली तर बुडबुडादेखील निघत नाही. पोटॅशिअमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला प्रति मोल ४१९ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि तांब्याचा काढायला ७४५. बाहेर एक इलेक्ट्रॉन असणे एवढेच कारण असते, तर हा फरक पडायला नको होता.

खरे कारण त्या एका इलेक्ट्रॉनच्या खाली काय आहे यात दडलेले आहे. अल्क धातूच्या अणूतून बाहेरचा इलेक्ट्रॉन बाजूला केला तर उरणारी रचना हुबेहूब आधीच्या राजवायूची असते: लिथिअमच्या आत हीलिअमची, सोडिअमच्या आत निऑनची, पोटॅशिअमच्या आत अरगॉनची, रुबिडिअमच्या आत क्रिप्टॉनची आणि सीझिअमच्या आत झेनॉनची. हे आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाचा धनप्रभार इतका व्यवस्थित झाकतात की बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत त्यातला अगदी थोडाच पोहोचतो. जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये दिलेल्या ढोबळ नियमांनी हिशेब केला, तर बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा परिणामी केंद्रकीय प्रभार लिथिअमसाठी १.३ येतो आणि सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम व सीझिअम या चौघांसाठी नेमका २.२. केंद्रकात ११ प्रोटॉन असोत की ५५, बाहेरून पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनला दिसणारे चित्र जवळजवळ तेच राहते. याच नियमांनी तांब्याचा आकडा ३.७ येतो, कारण तिसऱ्या कवचातल्या डी उपकवचात मधेच भरलेले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाला पुरेसे झाकत नाहीत आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन घट्ट आवळला जातो. हे नियम अंदाजी आहेत, सूक्ष्म गणिताची जागा ते घेत नाहीत. पण अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला बेरीज-वजाबाकी करून स्वतः पडताळता येईल असे याहून चांगले साधन माझ्या माहितीत नाही, आणि पुस्तिकेच्या अर्ध्या पानात ते सहज बसले असते.

पुस्तिकेतल्या तक्त्यात पहिल्या आयनीभवन ऊर्जेचे, म्हणजे अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे, आकडे दिले आहेत: लिथिअम ५२०, सोडिअम ४९६, पोटॅशिअम ४१९, रुबिडिअम ४०३, सीझिअम ३७६ किलोज्यूल प्रति मोल. आकडे बरोबर आहेत, परंतु तक्ता एका स्तंभाने अपुरा आहे. साम्याचा खरा पुरावा दुसऱ्या आयनीभवन ऊर्जेत आहे. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, म्हणजे पहिल्याच्या नऊ पटींहून अधिक. लिथिअमच्या बाबतीत ते प्रमाण चौदा पटींचे आहे आणि पोटॅशिअमच्या बाबतीत सात पटींहून थोडे जास्त. राजवायूची रचना मोडण्याची ही किंमत कोणत्याही नेहमीच्या अभिक्रियेला परवडत नाही. म्हणूनच या पाचही धातूंचे नेहमीचे आयन एकच धनप्रभार घेऊन वावरतात, त्यांच्या क्लोराइडांची, हायड्रॉक्साइडांची आणि कार्बोनेटांची सूत्रे एकाच साच्याची असतात, आणि एका धातूचे रसायनशास्त्र शिकले की उरलेल्या चौघांचे बरेचसे आपोआप येते. लोह दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन देऊन वेगवेगळी रूपे घेते, तसा पर्याय यांना उपलब्धच नसतो.

आनंदाने इलेक्ट्रॉन देण्याची भाषा तर मला सरळ चुकीची वाटते, आणि ती केवळ या पुस्तिकेत नाही, अनेक वर्गांतही ऐकू येते. वर दिलेले सगळे आकडे अणूला पुरवाव्या लागणाऱ्या ऊर्जेचे आहेत. सोडिअमचा अणू स्वतःहून इलेक्ट्रॉन सोडत नाही. तो काढायला ४९६ किलोज्यूल खर्चावे लागतात आणि क्लोरीनच्या अणूने तो स्वीकारला तरी त्यातले सुमारे ३४९ च परत मिळतात. जमाखर्च येथेच थांबवला तर व्यवहार तोट्यात जातो. ही तूट भरून निघते ती धन आणि ऋण आयन एकत्र येऊन मिठाचा स्फटिक रचतात तेव्हा, कारण त्या रचनेतून प्रति मोल सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. आणि पाण्यात अभिक्रिया झाली, तर हेच काम आयनाभोवती गोळा होणारे पाण्याचे रेणू करतात. अल्क धातूंचे वैशिष्ट्य इतकेच की त्यांच्या बाबतीत सुरुवातीचा खर्च इतर धातूंपेक्षा पुष्कळ कमी असतो आणि पाचही जणांच्या बाबतीत तो एकाच तऱ्हेने होतो. अणूला इच्छा आणि आनंद चिकटवले की विद्यार्थ्याच्या मनातून ऊर्जेचा हिशेब निघून जातो, आणि पुढे लिथिअमचे वागणे त्याला अजिबात उलगडत नाही.

चित्रफितींमध्ये नेमके हेच घडते. पाण्यात टाकलेले लिथिअम तरंगत फसफसते, सोडिअम वितळून गोळी होऊन पृष्ठभागावर पळते, पोटॅशिअम जांभळट ज्योतीने पेट घेते, आणि रुबिडिअम व सीझिअम भांड्यासकट सगळे उडवतात. चित्रीकरण स्वच्छ आहे. तथापि प्रत्येक धातूचा तुकडा वेगळ्या मापाचा आणि भांडे वेगळ्या आकाराचे घेतल्यामुळे तुलना न्याय्य राहत नाही. गणात खाली जावे तशी अभिक्रियेतून निघणारी ऊर्जा वाढत जाते, असे निवेदनातले वाक्य तर सपशेल चुकीचे आहे. एक मोल धातूमागे निघणारी उष्णता लिथिअमसाठी सुमारे २२२, सोडिअमसाठी १८४, पोटॅशिअमसाठी १९६, रुबिडिअमसाठी १९५ आणि सीझिअमसाठी २०३ किलोज्यूल अशी आहे. म्हणजे सर्वांत शांत दिसणारे लिथिअमच सर्वाधिक ऊर्जा देते, आणि ग्रॅमागणिक मोजले तर सीझिअमच्या वीस पटींहून अधिक. साम्याचा मुद्दा सिद्ध करायला याहून चांगला आकड्यांचा संच शोधून सापडणार नाही: डोळ्यांना इतके वेगळे दिसणारे पाच प्रकार ऊर्जेच्या हिशेबात एकमेकांना किती लागून बसतात, हे त्यातून कळते.

मग फरक दिसतो तो कशाचा? तो वेगाचा. लिथिअमचा अणू घन धातूतून सुटा करायला १५९ किलोज्यूल लागतात, तर सीझिअमचा करायला निम्म्याहून कमी, सुमारे ७६. त्यात आयनीभवनाचा जादा खर्च धरला की लिथिअमसमोरचा सक्रियण ऊर्जेचा, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा, अडथळा सर्वांत उंच ठरतो. लिथिअमचा लहान आयन पाण्याच्या रेणूंना इतका जवळ ओढतो की तो सगळा खर्च नंतर भरून निघतो आणि वर शिल्लक राहते, पण परतावा मिळण्याआधी पैसे मोजावेच लागतात. शिवाय लिथिअम १८०.५ अंशांना वितळते, त्यामुळे पाण्यावर ते घनरूपातच राहते, तर ९७.८ अंशांना वितळणारे सोडिअम अभिक्रियेच्याच उष्णतेने द्रव होऊन भराभर नवा पृष्ठभाग उघडा करते. स्फोटाचे कारण म्हणून निवेदक केवळ हायड्रोजन पेटण्याकडे बोट दाखवतो. २०१५ मध्ये पावेल युंगविर्थ, फिलिप मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडिअम-पोटॅशिअमच्या द्रव मिश्रधातूचे थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवले की पहिल्या मिलिसेकंदाच्याही आत धातूच्या पृष्ठभागातून टोकदार काटे बाहेर झेपावतात. इलेक्ट्रॉन पाण्यात निसटल्यावर मागे राहिलेले धनप्रभारित अणू एकमेकांना दूर लोटतात आणि धातू अक्षरशः फुटतो. हायड्रोजन पेटतो तो त्यानंतर. इतक्या अलीकडच्या आणि दाखवायला इतक्या सोप्या गोष्टीला निवेदनात एक वाक्यही मिळू नये, याचे आश्चर्य वाटते.

ज्योतीच्या रंगांचा तक्ता साधा आणि विश्वासार्ह आहे: लिथिअम किरमिजी, सोडिअम पिवळे, पोटॅशिअम फिकट जांभळे, रुबिडिअम तांबूस जांभळे, सीझिअम निळसर जांभळे. रंगांवरून पाच धातू पाच दिशांना गेल्यासारखे वाटतात, पण वर्णपटदर्शकातून पाहिले तर सोडिअमच्या पिवळ्या प्रकाशात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन जुळ्या रेषा दिसतात, आणि अशीच जोडी पोटॅशिअमला ७६६ व ७७० जवळ, रुबिडिअमला ७८० व ७९५ जवळ, तर सीझिअमला ८५२ व ८९४ जवळ मिळते. एकच मोकळा इलेक्ट्रॉन एस उपकवचातून पी उपकवचात जाऊन परततो, याची ही खूण आहे. सीझिअमची ही जोडी अवरक्त भागात असल्याने डोळ्यांना दिसत नाही. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी पाहिल्या त्या त्याच्या निळ्या रेषा वेगळ्या. तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे छापता आले असते.

चौकटीत सहावा रिकामा खाचा आहे आणि त्याखाली फ्रान्सिअमचे नाव कोरले आहे. मार्गरीत पेरे यांनी १९३९ मध्ये शोधलेल्या या मूलद्रव्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचा अर्धायुष्यकाल सुमारे २२ मिनिटे असल्याने खाचा रिकामाच राहणार, आणि ही कल्पना कौतुकास्पद आहे. मात्र फ्रान्सिअम सर्वांत जास्त अभिक्रियाशील असते हे तेथले विधान काढून टाकावे. त्याची आयनीभवन ऊर्जा सुमारे ३९३ किलोज्यूल, म्हणजे सीझिअमपेक्षा थोडी अधिकच आहे, कारण इतक्या जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशवेगाच्या तुलनेत नगण्य राहत नाही आणि एस उपकवच आकसते.

सुरक्षिततेच्या पानावर एक सूचना धोकादायक आहे. रुबिडिअम ३९.३ अंशांना वितळते आणि तळहाताची ऊब त्याला पुरत नाही, म्हणून कुपी कोमट पाण्यात बुडवावी, असे पुस्तिका सांगते. काचेला नजरेत न येणारा तडा असेल तर रुबिडिअम आणि पाणी यांची गाठ घालून देण्याची ही हमखास रीत आहे. केस वाळवण्याच्या यंत्राचा मंद झोत लांबून दिला तरी काम भागते. कुपी फुटून आग लागल्यास पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरू नये, धातूंच्या आगीसाठी असलेली कोरडी पावडरच वापरावी, हा मजकूर पुस्तिकेत नाही आणि तो चौकटीवरच चिकटवायला हवा होता.

विक्रीनंतरची सेवा बरी आहे. कुप्या फेसाच्या खाचांत घट्ट बसवून आणि धातूच्या डब्यात घालून पाठवल्या जातात, आणि डाग पडलेल्या लिथिअमबद्दल कळवल्यावर बदली कुपी देण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली. ज्या प्रयोगशाळेत कुलपाचे कपाट आहे आणि शिकवणारा स्वतःच्या टिपणांवर वर्ग घेऊ शकतो, तिने हा संच जरूर घ्यावा. लहान मुलांच्या हाती तो कोणत्याही परिस्थितीत पडू नये, आणि घरी एकट्याने शिकू पाहणाऱ्याने पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघेपर्यंत थांबावे. त्या आवृत्तीत दुसऱ्या आयनीभवन ऊर्जेचा स्तंभ आणि पोटॅशिअमच्या ओळीखाली तांब्याची एक ओळ, एवढी भर पडली तरी वेष्टनावरचे आश्वासन बऱ्याच अंशी पाळले जाईल.